चित्र्यांचा तुका

'आम्हां घरी धन शब्दांचीच रत्ने' या अभंगात तीन कडवी आहेत. प्रत्येक कडव्यात चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि शेवटचा चार अक्षरांचा. कडव्याला २२ अक्षरे, अख्ख्या अभंगाला ६६. एवढ्याशा जागेत 'शब्द' सहा वेळा येतो, आणि तरी कुठे पुनरुक्ती वाटत नाही. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांच्या शेवटी जुळते: जीवन-धन, देव-गौरव. पहिल्या कडव्यात रत्ने-शस्त्रे एवढे एकारांती जुळले तरी चालते. चौथा चरण यमकातून मोकळा असतो. टाळाचा ठेका त्याच्यावर येऊन टेकतो, आणि ऐकणाऱ्याला मागचे मनात उतरवायला वेळ मिळतो.

शेवटच्या कडव्यात आणखी एक अडचण असते. तिथे नाममुद्रा यावी लागते. 'तुका म्हणे' ही चार अक्षरे झाली, म्हणजे पहिल्या चरणात उरली फक्त दोन. या अभंगात त्या दोन अक्षरांत तुकोबांनी 'पाहा' ठेवले आहे. 'तुका म्हणे होय मनाशी संवाद' मध्ये तिथे 'होय' आहे. अभंगाला जे वळण द्यायचे ते या दोन अक्षरांच्या खिडकीतून द्यायचे. साडेचार हजारांहून अधिक अभंगांत हे पुनःपुन्हा करूनही तुकोबांचा सांधा क्वचितच दिसतो.

कवी आणि अनुवादक दिलीप पुरुषोत्तम चित्रे यांनी आयुष्यातली कित्येक दशके या कारागिरीच्या सहवासात घालवली. १९९१ साली पेंग्विनने 'सेज तुका' हा त्यांनी केलेला तुकोबांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद काढला आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाला तुकाराम कवी म्हणून भेटले. त्याआधी ते इंग्रजीत नव्हते असे नाही. नेल्सन फ्रेझर आणि के. बी. मराठे यांचा तीन खंडांतला गद्य अनुवाद १९०९ ते १९१५ या काळात निघाला होता. निकल मॅकनिकल यांनी १९१९ मध्ये मराठी संतांची पदे इंग्रजीत नेली. या दोन्ही कामांचे मोल मोठे आहे, पण त्यांतून भेटतो तो साधू, धर्मविचार सांगणारा. बोलणारा, भांडणारा, देवाला खडे बोल सुनावणारा माणूस तिथे क्वचित ऐकू येतो.

चित्र्यांना तो ऐकू आला, याचे कारण ते मराठी कवी होते. त्यांच्या अनुवादाबद्दल लिहिताना लोक बहुधा त्यांच्या इंग्रजीचे कौतुक करतात. मला वाटते, इंग्रजी चांगले असणे ही त्यातली सोपी बाजू. तुकोबा, ज्ञानदेव, मर्ढेकर आणि नामदेव ढसाळ हे चौघे एकाच भाषेच्या एकाच वंशावळीत बसतात, हे त्यांनी स्वतः कविता लिहिताना ओळखले होते, आणि अनुवादाने तो धागा उघड करून दाखवला. त्यांचे कवितालेखन आणि त्यांचे अनुवाद वेगळे काढून पाहिले तर दोन्ही अर्धेच कळतात.

जन्म १७ सप्टेंबर १९३८, बडोदे. वडील पु. आ. चित्रे 'अभिरुची' मासिक चालवत. चाळीसच्या दशकातले ते मराठीतले सर्वांत चोखंदळ मासिक होते, आणि महाराष्ट्राबाहेरून निघत होते. आजोळी तुकोबांच्या गाथेचा अभ्यास होता. म्हणजे नवे साहित्य आणि गाथा या दोन्ही गोष्टी मुलाला घरातच मिळाल्या. १९५१ मध्ये कुटुंब मुंबईला आले. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांच्याबरोबर त्यांनी 'शब्द' हे सायक्लोस्टाइल केलेले अनियतकालिक काढले. पुढे साठच्या दशकात अनियतकालिकांची जी चळवळ फोफावली तिची ही सुरुवातीची मुळे. पहिला संग्रह 'कविता' १९६० चा. त्यानंतर तीन वर्षे इथिओपियात इंग्रजीचे शिक्षक, मग मुंबई, १९७५ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाची पाठ्यवृत्ती, पुढे भोपाळच्या भारत भवनात कविताकेंद्राचे संचालकपद, आणि अखेरीस पुणे. मध्ये 'गोदाम' हा हिंदी चित्रपट केला, त्याला १९८४ मध्ये फ्रान्समधल्या नाँत महोत्सवात परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. 'अर्धसत्य' चित्रपटातली चक्रव्यूहाची कविता त्यांचीच. शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात 'फादर रिटर्निंग होम' वाचलेल्या कित्येकांना त्या कवीने मराठीत काय केले आहे याची कल्पना नसते. ती कविता त्यांनी इंग्रजीतच लिहिली आहे. संध्याकाळच्या उशिराच्या गाडीने परतणारा तो बाप मुंबईचा आहे, हे मात्र कुणाला सांगावे लागत नाही.

अनुवादक म्हणून त्यांचे पहिले मोठे काम १९६७ चे, १९४५ ते १९६५ या वीस वर्षांतल्या मराठी कवितेचा इंग्रजी संग्रह. त्यांचे वय तेव्हा तिशीच्या आत. अशा संग्रहाचा नेहमीचा धोका म्हणजे सगळे कवी एकाच आवाजात बोलू लागतात. अनुवादक एक असला की त्याची वाक्यरचना, त्याचे आवडते शब्द सगळ्यांच्या तोंडी बसतात. चित्र्यांना हे काम लवकर करावे लागले, आणि माझ्या मते पुढच्या अनुवादांत आवाज वेगळा ठेवण्याची जी दक्षता दिसते ती इथे तयार झाली. शिवाय सुरुवातीचे वर्ष १९४५ धरणे हा टीकाकाराचा निर्णय होता. त्या सुमारास मर्ढेकरांनी मराठी कवितेला दुसरी वाट दिली, आणि ती देताना अभंग-ओवीचे जुने छंद हाताशी घेतले. यंत्रयुगाचा वैताग सांगायला त्यांना तुकोबांचा साचा चालला. नव्या कवितेकडे जाणारा रस्ता गाथेतून जातो हे ज्याला इथे दिसले, तो पुढे गाथेकडे वळणार यात नवल नाही.

आता पुन्हा त्या अभंगाकडे, कारण चित्र्यांची पद्धत तिथे जवळून पाहता येते.

सहा-सहा-सहा-चार हा साचा इंग्रजीत नेता येत नाही. इंग्रजी उच्चारात आघात महत्त्वाचा, आणि अक्षरे मोजून कानाला काही मिळत नाही. यमक ठेवायचे म्हटले तर इंग्रजीत जुळणारे शब्द मुळात कमी. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि क्रियापदांची रूपे यमक जवळजवळ फुकट देतात, इंग्रजीत ते शोधून आणावे लागते. शोधून आणलेले यमक अर्थ वाकवते आणि अभंगाचा सूर चर्चमधल्या प्रार्थनागीताकडे झुकतो. चित्र्यांनी यमक आणि अक्षरसंख्या दोन्ही सोडली, आणि ओळी लहान-लहान तोडल्या. मग अभंगाचा ठेका राहणार कशाने? या अभंगात त्यांनी तो ओळीच्या शेवटाऐवजी ओळीच्या सुरुवातीला नेला. 'शब्द हेच काय ते माझे' अशा एकाच धाटणीच्या सुरुवातीने चार विधाने एकामागून एक येतात: रत्ने, अंगावरची वस्त्रे, जीव जगवणारे अन्न, लोकांना वाटायचे धन. मूळ अभंगात सहा वेळा येणारा 'शब्द' आणि 'शब्दांचीच'मधला तो ठाम 'च' या पुनरावृत्तीत उतरतो. यमकाची भरपाई यमकाच्या जागी न करता दुसरीकडे केली आहे, आणि ती कानाला पटते.

पण काही हातचे गेले आहे, तेही सांगायला हवे. मुळात 'शब्दांचीच शस्त्रे यत्न करू' असे आहे. इंग्रजीत शस्त्रांच्या जागी वस्त्रे आली. शस्त्राबरोबर 'यत्न' जातो, झटणे जाते, आणि हा अभंग लिहिणाऱ्याला लोकांशी केवढे झगडावे लागले याची खूण पुसली जाते. वह्या इंद्रायणीत बुडवण्याची पाळी ज्याच्यावर आली त्याच्या तोंडी शस्त्रच हवे. दुसरे म्हणजे 'आम्हां घरी'. हे अनेकवचन आहे. ते एकट्या तुकोबांचेही असू शकते आणि वारकऱ्यांच्या मेळ्याचेही, मराठी वाचक दोन्ही ऐकतो. इंग्रजीत चित्र्यांनी सरळ 'मी' केले. घर गेले, मेळा गेला, एकटा कवी उरला. हा अपघात नव्हे. चित्र्यांना तुकोबा आधुनिक माणसासारखे एकटे, स्वतःशी वाद घालणारे दिसत होते, आणि त्यांनी तसेच आणले. १९९० च्या 'पुन्हा तुकाराम' या मराठी पुस्तकातही त्यांचा भर तुकारामांना कवी म्हणून वाचण्यावर आहे. मला ही निवड समजते, तिच्यामुळेच अनुवादात जीव आहे. पण फडावर, दिंडीत, पन्नास जणांच्या गळ्यातून अभंग ऐकणाऱ्याला तिच्यात काहीतरी कमी पडते, आणि त्याचे म्हणणेही खरे आहे.

गाथेत दुसऱ्या कडव्यापुढे जो 'ध्रु.' छापलेला असतो, त्याचेही असेच. कीर्तनात गाणारे तिथे पुनःपुन्हा परततात. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद परत आले की त्याचा अर्थ थोडा बदलतो. छापील इंग्रजी कवितेत हे परतणे दाखवायला जागाच नाही. तेच ते छापले तर वाचक कंटाळतो, गाळले तर रचना सरळ रेषेत धावते. यावर कुणाही अनुवादकाला उपाय सापडलेला मला दिसलेला नाही.

नाममुद्रेचा प्रश्न मात्र चित्र्यांनी फार छान सोडवला. इंग्रजीच्या रोजच्या क्रमाने नाव आधी आणि क्रियापद नंतर यायला हवे. त्यांनी क्रम उलटा केला आणि ते दोन शब्द स्वतंत्र ओळीवर ठेवले. त्यामुळे तिथे थांबावे लागते. 'तुका म्हणे'ला जे वजन आहे, आता सही होणार आणि त्यानंतर जे येईल ते नीट ऐका हे, ते तसेच पोचते. पुस्तकाचे नावही त्यातूनच आले.

सूर हा अनुवादातला सर्वांत अवघड भाग, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. 'बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली' हे पाहा. १६३० च्या दुष्काळात घरदार, व्यापार, बायको सगळे गमावलेला माणूस 'बरे झाले' म्हणतो आहे, आणि पुढे एकेका आपत्तीला 'बरे झाले' म्हणत जातो. केवळ भाविकपणे भाषांतर केले तर हा शरणागतीचा गोड उद्गार होतो. केवळ उपरोधाने केले तर कडवट टोमणा होतो. मराठीत दोन्ही एकाच श्वासात आहेत, कारण 'बरे झाले' हे आपण रोज दोन्ही अर्थांनी म्हणतो. इथे शब्दकोश काही मदत करत नाही. आपल्या भाषेत माणसे कशी बोलतात याचा कान लागतो, आणि तो कान दुसऱ्या भाषेतही तितकाच तयार असावा लागतो. चित्रे दोन्ही भाषांत कविता लिहीत होते, म्हणून बोलण्याची अशी वळणे त्यांना दोन्हीकडे ठाऊक होती.

गाथेत अभंगांना कालक्रम नाही. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या हस्तलिखितांत क्रम आणि पाठ वेगळे, संताजी जगनाडे यांच्या वह्यांची परंपरा आणखी वेगळी. निवड करणाऱ्याला रचना स्वतः ठरवावी लागते. चित्र्यांनी 'असणे' या एका क्रियापदाभोवती विभाग बांधले: कवी असणे, माणूस असणे, भक्त असणे, संत असणे, आणि शेवटी असण्याचा निरोप. यातून वाचणाऱ्याला एक जीवनप्रवास मिळतो. तो प्रवास चित्र्यांनी रचलेला आहे हे लक्षात ठेवून वाचावे. ज्यांना मूळ शेजारी ठेवून वाचायचे असेल त्यांनी शासकीय गाथा घ्यावी आणि शेवटची अकारविल्हे सूची वापरावी. केवळ अभंगाच्या क्रमांकावर विसंबलात तर फसाल, कारण वेगवेगळ्या प्रतींत आकडे जुळत नाहीत. शोधताना इंग्रजी कवितेची पहिली ओळ धरू नका, नाममुद्रेनंतरची ओळ धरा. तिथला दृष्टान्त बहुधा मूळ रूपात शिल्लक असतो. आणि अभंग आधी मोठ्याने म्हणा. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरी वनचरे' मध्ये दुसरा चरण सातव्या अक्षरात जातो, पण म्हणताना अडत नाही. साचा किती ताणता येतो हे डोळ्याला कळत नाही, ते म्हणूनच कळते.

१९९४ मध्ये साहित्य अकादमीने 'एकूण कविता'च्या पहिल्या खंडाला मराठीचा पुरस्कार दिला आणि त्याच वर्षी 'सेज तुका'ला अनुवादाचा. एकाच माणसाला एकाच वर्षी दोन्ही मिळणे विरळा, आणि इथे ते अगदी योग्य होते.

दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, ज्ञानदेवांच्या 'अनुभवामृता'चा त्यांचा अनुवाद आला. हे काम तुकोबांहून अवघड, आणि त्याची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली. सुमारे ८०० ओव्या, दहा प्रकरणे. गोष्ट नाही, प्रसंग नाही, संवाद नाही. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड, आणि आत युक्तिवाद असा की एका ओवीचे टोक पुढच्या ओवीत अडकलेले. सातवे 'अज्ञानखंडन' सर्वांत मोठे. तिथे नकारांवर नकार येतात, एक नकार निसटला की पुढच्या वीस-पंचवीस ओव्या उलट्या अर्थाच्या होतात. सहावे प्रकरण 'शब्दखंडन'. शब्द सगळ्या जगाची आठवण करून देतो, पण जे स्वयंसिद्ध आहे ते दाखवायला त्याचा उपयोग नाही, असे ज्ञानदेव तिथे मांडतात. शब्दालाच देव म्हणणारा तुका आणि शब्दाची मर्यादा दाखवणारे ज्ञानदेव, हे दोघेही एकाच अनुवादकाच्या हातून इंग्रजीत गेले. मराठी कविता शब्दाकडे या दोन्ही नजरांनी पाहत आली आहे. चित्र्यांच्या स्वतःच्या कवितेतही भाषेवरचा लोभ आणि भाषेवरचा अविश्वास एकत्रच राहतात.

मग ढसाळ. 'गोलपिठा' हा त्यांचा कवितासंग्रह १९७२ मध्ये आला, विजय तेंडुलकरांची प्रस्तावना घेऊन. पांढरपेशा मराठी वाचकाला त्यातले कित्येक शब्द कळत नव्हते. कामाठीपुऱ्याची बोली, मुंबईची हिंदी, पुणे जिल्ह्यातल्या गावाकडचे बोलणे, आणि मध्येच कडक संस्कृत. अशा कवितेचा अनुवाद करताना दोन मोह होतात. एक, प्रत्येक शब्दाला तळटीप द्यायची. मग कविता समाजशास्त्राचा दस्तऐवज होते. दोन, इंग्रजीतली तयार शिवराळ भाषा उचलून तिथे बसवायची. मग ढसाळ मुंबईचे राहत नाहीत, न्यू यॉर्कच्या कुठल्या गल्लीतले होतात. २००७ मध्ये नवयानाने काढलेल्या 'नामदेव ढसाळ: पोएट ऑफ द अंडरवर्ल्ड'मध्ये चित्र्यांनी तिसरा रस्ता धरला. कवितेतल्या वाक्यांचा लोंढा, याद्यांची लांबी, एकाच ओळीत शिवी आणि उपनिषद येणे, हे जपले. सुट्या शब्दाचे वजन वाक्याच्या वेगात शोधले. संदर्भ कवितेच्या पायाशी न टाकता स्वतंत्र निबंधात दिले, आणि हेनिंग श्टेगम्युलर यांची छायाचित्रे सोबत ठेवली. ढसाळ आणि चित्रे यांची मैत्री जुनी होती, पण त्या मैत्रीमुळे अनुवाद कुठे सौम्य झालेला नाही.

तुकोबांचे अनुवाद वाचून ढसाळांचे वाचले की एक गोष्ट कानावर येते. दोन्हीकडे देवाला आणि समाजाला एकेरीत जाब विचारला जातो. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच असल्याने हा जाब कळण्यासाठी दुसरी तजवीज करावी लागते: छोटे आज्ञार्थ, अधेमधे तुटलेली वाक्ये, प्रश्नावर प्रश्न. चित्र्यांनी ही तजवीज तुकोबांवर काम करताना कमावली आणि ढसाळांसाठी वापरली, असे मला दोन्ही पुस्तके शेजारी ठेवल्यावर दिसते.

शेवटची वर्षे सोपी नव्हती. एकुलता एक मुलगा आशय भोपाळच्या वायुकांडातून वाचला होता, पण त्याच्या फुप्फुसांचे नुकसान झाले होते. २००३ मध्ये तो गेला. पुढे चित्र्यांना कर्करोगाने गाठले. तरी याच काळात 'न्यू क्वेस्ट' या इंग्रजी नियतकालिकाचे संपादन चालू होते, ढसाळांचे पुस्तक झाले, तरुण मराठी कवींचे अनुवाद झाले. १० डिसेंबर २००९ रोजी पुण्यात राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

त्याआधी पोएट्रीवाला प्रकाशनाकडून त्यांच्या स्वतःच्या कवितांची दोन इंग्रजी पुस्तके आली. 'अॅज इज, व्हेअर इज'मध्ये मुळात इंग्रजीत लिहिलेल्या कविता आहेत, 'शेष'मध्ये मराठीतून त्यांनीच अनुवादलेल्या. ही वाटणी महत्त्वाची आहे. स्वतःच्या कवितेचा अनुवाद करताना कवीला कुणी अडवत नसते. नवी प्रतिमा सुचली तर घालता येते, अवघड ओळ गाळता येते, आणि हळूहळू अनुवादाच्या नावाखाली नवीच कविता तयार होते. चित्र्यांनी दोन्ही भाषांतल्या कविता एकत्र करून एकच जाडजूड इंग्रजी चित्रे उभा केला असता तरी कुणी हरकत घेतली नसती. त्यांनी मराठी कवितांना अनुवाद म्हणून वेगळे ठेवले. 'शेष' वाचताना शेजारी 'एकूण कविता'चे खंड असतील तर तेच करावे जे गाथेबाबत सांगितले: आधी मराठी मोठ्याने वाचावे, मग इंग्रजी.